दुसरी सही

चहा कपात ओतल्यापासून तो संपेपर्यंत भट्टीसाहेबांना एक मिनिट दहा सेकंद लागत. हा आकडा अंदाजाने सांगितलेला नाही. प्रयोगशाळेतल्या लोकांनी तो घड्याळ लावून तीनदा मोजला होता, आणि तिन्ही वेळांत मिळून चार सेकंदांहून जास्त फरक पडला नव्हता. मोजणाऱ्यांचा पोटापाण्याचा उद्योगच मोजणे हा असल्यामुळे त्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

कारखाने, रुग्णालये, बेकऱ्या आणि औषधांची गोदामे आपली मोजण्याची उपकरणे या प्रयोगशाळेत पाठवत, आणि ती खरे बोलतात की खोटे हे इथे ठरे. तळमजल्यावर वजने, पहिल्या मजल्यावर तापमान. तापमानाचा विभाग बावीस वर्षे भट्टीसाहेबांच्या हाती होता. पाण्याची एक टाकी, तिच्यात सतत फिरणारे ढवळणे, मधोमध ज्याच्या शब्दावर सगळ्यांनी विश्वास ठेवायचा असा एक प्रमाण तापमापक, आणि त्याच्या शेजारी परीक्षेला बसलेला पाहुणा. दोघांचे आकडे वाचायचे, फरक लिहायचा, दाखला करायचा. दाखल्यावर सह्या मात्र दोन लागत. पहिली मोजणाऱ्याची आणि दुसरी तपासणाऱ्याची. आपण मोजलेले आपणच पास करायचे नाही, हा नियम प्रयोगशाळेइतकाच जुना होता. त्यात कुणाच्या सचोटीवर शंका घेतलेली नव्हती. माणसाचा डोळा आपल्याला हवा असलेला आकडा फार मायेने वाचतो, एवढाच अनुभव त्यामागे होता.

भट्टीसाहेबांच्या दाखल्यांवर दुसरी सही तळमजल्यावरच्या वजनबाईंची असे. बाई निवृत्तीला आलेल्या, चष्म्यावरून बघणाऱ्या आणि कुणाचीही भीडभाड न ठेवणाऱ्या. 'भट्टी' हे नाव त्यांनीच ठेवलेले. पहिल्याच आठवड्यात या तरुणाने उकळी फुटलेला चहा पाण्यासारखा घशाखाली उतरवलेला पाहून त्या म्हणाल्या होत्या, "हा माणूस आहे की भट्टी?" माणूस पन्नाशी ओलांडून गेला, नाव तसेच राहिले. खरे सांगायचे तर त्या नावाचा भट्टीसाहेबांना अभिमान होता. बशीत ओतून, फुंकर मारून चहा पिणारी माणसे त्यांच्या लेखी अर्ध्या वाटेवरून परत फिरणारी होती.

मग एका दुपारी डब्यातला कोरड्या पावाचा घास छातीच्या मध्यावर अडकला. खाली जाईना, वर येईना. दोन मिनिटांनी तो गेला, पण जाताना ओळख ठेवून गेला. पुढच्या आठवड्यात तो आणखी दोनदा भेटला. बायकोने त्यांना धरून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरबाईंनी घशातून दुर्बिणीची नळी घालून अन्ननलिका पाहिली आणि दुसऱ्या दिवशी समोर बसवून विचारले,

"चहा-कॉफी गरम पिता का?"

"चहा. हो, गरमच पितो."

"गरम म्हणजे किती?"

हा प्रश्न डॉक्टरबाईंनी सहज विचारला होता. बहुतेक लोक त्यावर "असाच, नेहमीसारखा" असे म्हणत.

"ब्याऐंशी," भट्टीसाहेब म्हणाले. "ब्याऐंशी ते चौऱ्याऐंशी. कप पातळ असेल तर थोडा कमी."

डॉक्टरबाईंचे लिहिणे थांबले. "अंश?"

"सेल्सियस," त्यांनी खुलासा केला.

"दिवसाला किती कप?"

"चार. पाहुणे आले तर पाच."

"आमच्याकडे पाहुणे फार येतात," बायको मध्येच म्हणाली.

"ब्याऐंशी अंशांचं पाणी हातावर ओतून घ्याल तुम्ही?"

"छे! भाजेल की."

"मग आतल्या नळीनं काय पाप केलंय? हात लगेच ओरडतो, ती तीस वर्षांनी ओरडते, एवढाच फरक." डॉक्टरबाईंनी कागदावर एक नळी काढली, तिच्या मध्याशी दोन्ही बाजूंनी फुगवटे काढले. "इथं सूज आहे आणि वाट अरुंद झालीय. वर्षानुवर्षं पासष्टच्या वरचं पीत राहणं चांगलं नाही. तुम्ही साठच्या खाली या. औषध देते. तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घालू. सूज उतरली तर सुटलात. नाही उतरली तर भूल देऊन ती वाट ताणावी लागेल, आणि तिथला तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल."

भूल, ताणणे वगैरे शब्द भट्टीसाहेबांनी शांतपणे ऐकून घेतले. 'तुकडा' हा शब्द मात्र पावाच्या घासासारखा मध्येच अडकला, आणि घरी पोहोचेपर्यंत खाली गेला नाही.

बायको एका मोठ्या धुलाईघरात इस्त्रीच्या दालनाची प्रमुख होती. आठ इस्त्र्या, आठ बायका आणि ढिगाने चादरी. इस्त्री किती तापली आहे हे ती ओले बोट टेकवून, त्याचा आवाज ऐकून सांगे. सुतीला एक आवाज, रेशमाला दुसरा. बोट टेकले न टेकले तोच उचललेले असे. भट्टीसाहेबांनी तिला लग्नाच्या दहाव्या वाढदिवशी पृष्ठभागाचे तापमान मोजणारे एक सुरेख उपकरण भेट दिले होते. ते बटणांच्या खणात होते. कधी कधी त्याने खण अडकू नये म्हणून ते आडवे करावे लागे.

"बशीत ओतून घ्या," तिने त्या संध्याकाळी सुचवले. "झटकन निवेल."

"बशी ही शरणागती आहे. मी पद्धतशीर जाणार."

पद्धतशीर म्हणजे काय, हे सांगण्यासाठी त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. तिच्यात कापसाच्या गादीवर एक काचेचा तापमापक निजलेला होता. लाल द्रवाचा, हातभर लांब, दिसायला राजबिंडा. पंधरा वर्षांपूर्वी एका बेकरीकडून तो परीक्षेला आला आणि नापास झाला होता. वाटेत उलटा राहिल्यामुळे त्याच्या आतली आकड्यांची पांढरी पट्टी जागची सरकली होती. बेकरीने तो परत नेला नाही, आणि एवढी देखणी काच टाकून देणे भट्टीसाहेबांच्या जिवावर आले. पट्टी सरकली असली तरी ती एकाच जागी घट्ट बसली होती. म्हणजे हा गडी खोटे बोलतो खरा, पण नेहमी सारखेच खोटे बोलतो, आणि तसल्या साक्षीदाराकडून सत्य काढून घेणे मुळीच अवघड नसते.

"हा सहा अंश जास्त दाखवतो," ते म्हणाले. "याच्यावर सहासष्ट दिसले की समजायचं, चहा साठ."

"नक्की?"

"अगं, मीच नापास केलाय त्याला."

त्यांनी एक वही आखली. तारीख, वेळ, दिसलेला आकडा, खरा आकडा, सही. सहीचा रकाना एकच होता.

आणि काय सांगावे! सवय अगदी अलगद सुटली. पहिल्या दिवशी जरा चुकल्याचुकल्यासारखे झाले, चौथ्या दिवशी तेही गेले. चहा ओतायचा, तापमापक बुडवायचा, चार-पाच मिनिटांत लाल रेघ सहासष्टवर उतरली की प्यायचा. चव जवळजवळ तीच, घशाला मिळणारा तो ओळखीचा चटका जवळजवळ तोच. साठ अंशांची आपण उगाच धास्ती घेतली, असे भट्टीसाहेबांचे मत झाले, आणि मत झाले की ते दुसऱ्याला सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नसे.

सर्वांत जास्त ऐकावे लागले ते फाटकावरच्या पहारेकऱ्याला. तो बिचारा त्याच सुमारास सिगारेट सोडत होता. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या शिट्टीचे टोक चावून चपटे केले, सहाव्या दिवशी संचालकांच्या गाडीला सलाम करायचा सोडून तिच्यावर खेकसला.

"निर्धार हवा, निर्धार," भट्टीसाहेब त्याला येता-जाता सांगत. "माझं बघ. तीस वर्षांची सवय. वही केली, आकडा ठरवला, संपलं! लोक उगाच बाऊ करतात."

"तुमची गोष्ट वेगळी, साहेब. तुम्ही शिकलेले."

"त्यात शिक्षण कसलं आलंय? मनाचा खेळ आहे."

पहारेकरी खाली मान घालून शिट्टी चावू लागे.

तिसऱ्या आठवड्यात घरी एक किरकोळ प्रसंग घडला, ज्याला भट्टीसाहेबांनी मुळीच महत्त्व दिले नाही. बायकोचा कप ओट्यावर राहिला होता, तिने बोलता बोलता त्यांच्या कपातला एक घोट घेतला आणि ती ताडकन उठून नळाकडे धावली.

"साठ? हा साठ आहे? जीभ पोळली माझी!"

"वहीत बघ. साठ पूर्णांक शून्य."

"वहीला जीभ आहे का? मी रोज गरम वस्तूंत हात घालते. हा साठ नाही."

"जीभ हे उपकरण नाही," भट्टीसाहेब सौम्यपणे म्हणाले. "तिचं अंशांकन, म्हणजे प्रमाणाशी ताडून पाहणं, झालेलं नसतं. तू आत्ता थंड पाणी प्यायली होतीस, त्यामुळे तुला तो जास्त गरम वाटला. याला सापेक्ष संवेदना म्हणतात."

बायकोने जिभेवर साखर ठेवली असल्यामुळे याला तिला जे म्हणायचे होते ते राहून गेले.

सात आठवड्यांनी मधली भेट होती. भट्टीसाहेब वही काखेत मारून, दिग्विजय करून आल्यासारखे आत गेले. पाव अजून अडकतो का, या प्रश्नावर त्यांना "हो, अडकतो" असे म्हणावे लागले. किती वेळा? आठवड्यातून तीनदा. म्हणजे पूर्वीइतकाच. मग त्यांनी वही पुढे सरकवली. एकोणपन्नास दिवस, दोनशे तीन कप, एकही कप साठच्या वर नाही. डॉक्टरबाईंनी पाने उलटली. असा रुग्ण त्यांना पूर्वी भेटला नसावा. पण जसजशी पाने पुढे गेली तसतसा त्यांचा चेहरा उतरत गेला.

"हे सगळं बरोबर आहे?"

"शंकाच नको."

"तेच तर वाईट आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही थोडी चालढकल केली असती तर मी म्हटलं असतं, नीट पाळा, उतरेल. पण तुम्ही इतकं काटेकोर पाळूनही फरक पडला नसेल, तर कारण उष्णतेचं नसावं. दुसरं काही असेल. मग थांबण्यात अर्थ नाही. पुढच्या आठवड्यात तुकडा घेऊ या."

परतीच्या वाटेवर भट्टीसाहेब वहीची पाने पुन्हा पुन्हा चाळत होते. वही काखेतून हातात आली होती. स्वतःच्या वहीची भीती वाटण्याचा हा त्यांच्या आयुष्यातला पहिला प्रसंग. आकडे जितके स्वच्छ तितकी आतली गोष्ट काळी, असा तो हिशेब होता, आणि त्यात त्यांना कुठे फट दिसत नव्हती.

घरी आल्यावर बायकोने चहा टाकला. तापमापक बुडाला, रेघ सहासष्टवर आली, भट्टीसाहेबांचा हात कपाकडे गेला. तेवढ्यात तिने करंगळी पुढे केली, चहाला टेकवली आणि उचलली.

"हा साठ नाही," ती म्हणाली.

"अगं, तुझं ते बोट..."

"माझं बोट राहू द्या. मला एक सांगा. तुमच्या त्या दाखल्यांवर दोन सह्या असतात ना? या वहीत एकच का?"

भट्टीसाहेबांनी वहीकडे पाहिले. नंतर बायकोकडे पाहिले. नंतर चहाकडे.

"घरात कोण तपासणार?" ते म्हणाले, पण आपल्याच आवाजात त्यांना परीक्षार्थी ऐकू आला. बावीस वर्षे असले आवाज त्यांनी फोनवर ऐकले होते: आमचा तापमापक चांगलाच आहे हो, तुमच्याच टाकीत काहीतरी असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वही आणि पेटी वजनबाईंच्या टेबलावर ठेवली. बाईंनी पहिले पान उघडले आणि चष्म्यावरून पाहिले.

"उपकरणाची चिठ्ठी कुठाय?"

"माझ्या लक्षात आहे. सहा अंश जास्त दाखवतो."

"मी चिठ्ठी विचारली, भट्टी. लक्षात काय आहे ते नाही. नव्या पोरांना तू काय सांगतोस? चिठ्ठी वाचल्याशिवाय उपकरणाला हात लावायचा नाही. ऐकलंय मी जिन्यातून."

"पेटीत असेल. गादीखाली."

बाईंनी कापसाची गादी उचलली. खाली पिवळी पडलेली एक चिठ्ठी होती. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि चिठ्ठी भट्टीसाहेबांसमोर धरली. अक्षर त्यांचेच होते, पंधरा वर्षे तरुण. 'पट्टी वर सरकली आहे. सर्व आकडे सहा अंश कमी दाखवतो. नापास.'

"कमी," वजनबाई म्हणाल्या.

"कमी," भट्टीसाहेब म्हणाले.

"चल वर. चिठ्ठीवरही विश्वास नको."

पहिल्या मजल्यावरच्या टाकीत प्रमाण तापमापक साठ दाखवत होता. त्याच्या शेजारी त्यांनी तो राजबिंडा लबाड बुडवला. लाल रेघ चढत चढत चोपन्नवर आली आणि तिथे तिने ठाण मांडले. दोघे पाहत राहिले. ढवळणे फिरत राहिले.

सहासष्ट दिसले की खरे बहात्तर. दोनशे तीन कप, प्रत्येकी बहात्तर अंश. ज्या माणसाने बावीस वर्षांत एक दाखला परत येऊ दिला नाही, त्याने स्वतःच्या घशाचे काम आले तेव्हा सहा मिळवण्याऐवजी सहा वजा केले होते. आणि वजाच का केले, उलटे का नाही, हा प्रश्न विचारायलाही कुणाची गरज नव्हती. सहा हा आकडा स्मरणशक्तीने पंधरा वर्षे नीट जपला होता, बाजू तेवढी ती विसरली होती. ती नेमकी चटक्याच्या बाजूने चुकली होती.

वजनबाई ओरडण्याच्या तयारीत होत्या. पण समोर पाहतात तो भट्टीसाहेब हसत होते. आधी ओठांत, मग खांदे हलवून, मग टेबलाला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"वेड लागलं की काय?"

"बाई, चूक आहे! माझी चूक आहे!"

"त्यात एवढं नाचण्यासारखं काय आहे?"

"म्हणजे मी साठवर कधी आलोच नाही! मग साठनं फरक पडला नाही, असं कोण म्हणणार? प्रयोग झालेलाच नाही अजून!" त्यांनी डोळे पुसले. "मला वाटलं होतं मी बरोबर आहे. पूर्ण आठवडाभर तसंच वाटून घ्यावं लागलं असतं."

वजनबाईंनी वहीच्या प्रत्येक पानावर आडवी लाल रेघ ओढली, शेवटच्या पानावर 'अमान्य' असे लिहिले, आणि खाली आपली झोकदार सही केली. त्या वहीतली ती पहिलीच दुसरी सही.

डॉक्टरबाईंनी फोनवर सगळे ऐकून घेतले. बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. मग, "मी जरा फोन बाजूला ठेवला होता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज हसून आल्यासारखा वाटत होता. तुकडा पुढे ढकलला गेला. तीन महिने पहिल्यापासून. "पण या वेळी खरे साठ. या वेळीही फरक पडला नाही, तर मग थांबणार नाही मी."

आणि इथून पुढे सवय सोडण्याला सुरुवात झाली. आधीचे सगळे नाटकाची तालीम होती, तीही चुकीच्या नाटकाची.

खरे साठ अंश म्हणजे काय, हे भट्टीसाहेबांना त्या संध्याकाळी प्रथम कळले. पातळ कप असूनही चहा ओतल्यावर त्यांना अकरा मिनिटे वाट पाहावी लागली. सातव्या मिनिटाला ते उठून दाराची कडी घट्ट आहे का पाहून आले. नवव्या मिनिटाला वर्तमानपत्रातल्या लहान जाहिराती वाचून झाल्या. अकराव्या मिनिटाला घोट घेतला, आणि घशातून काहीही न जाणवता काहीतरी खाली गेले.

"कसा आहे?" बायकोने विचारले.

"काल इथं चहा होता, असं सांगणारं पाणी आहे."

दुसरा दिवस त्याहून वाईट गेला. तिसऱ्या दिवशी डोके दुखले. पाचव्या दिवशी त्यांनी एका रुग्णालयाचा निर्दोष तापमापक नापास करायला घेतला होता, वजनबाईंनी वेळीच अडवले. सहाव्या दिवशी ते फाटकावर गेले आणि पहारेकऱ्यासमोर उभे राहिले.

"मी तुला निर्धाराबद्दल बरंच काही सांगितलं होतं."

"हो साहेब. पाठ आहे मला."

"ते सगळं रद्द. माझी सवय सुटलीच नव्हती. सहा दिवसांपूर्वी सोडायला लागलोय. जीव जातोय."

पहारेकऱ्याचा चेहरा असा उजळला की जणू कुणी त्याला बढती दिली. त्याने आपल्या खोलीतले दुसरे स्टूल बाहेर आणले. तेव्हापासून दुपारची सुट्टी झाली की भट्टीसाहेब झाकण नसलेला कप घेऊन तिथे जात. दोघे फाटकाकडे तोंड करून बसत.

"तुमचं किती?"

"सत्तर. तुझं?"

"छप्पन दिवस. मध्ये दोन ओढल्या, त्या धरल्या तर चौपन्न."

"धर. धरायच्याच असतात."

"आता किती?"

"अडुसष्ट. माझ्याकडे बघू नकोस, कपाकडे बघ, मी पिऊन टाकीन."

वहीही नवी झाली. तापमापक प्रयोगशाळेने तपासलेला, चिठ्ठी वहीच्या पुठ्ठ्यालाच चिकटवलेली, आणि सहीचे रकाने दोन. घरच्या कपांची दुसरी सही बायकोची. तिने आधी एक अट घातली होती.

"मी सही करणार ती माझ्या बोटानं बघून. तुमच्या काचेवर नाही."

"बोटाचं अंशांकन करावं लागेल."

"करा की. घाबरते का मी?"

रविवारी त्यांनी ओट्यावर दहा कप मांडले, पन्नासपासून सत्तर अंशांपर्यंतचे, क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवलेला. बायकोने डोळ्यांवर ओढणी बांधली आणि एकेका कपाला करंगळी टेकवत गेली. साठच्या खाली, वर, वर, खाली. दहापैकी नऊ बरोबर आले. चुकलेला कप एकसष्ट अंशांचा होता, आणि त्यालाही ती "हा काठावर आहे, भांडण नको म्हणून खाली म्हणते" असे म्हणाली होती. भट्टीसाहेबांनी सगळे आकडे दोनदा तपासले. मग ते टेबलाशी बसले आणि त्यांनी रीतसर दाखला लिहिला. उपकरण: उजव्या हाताची करंगळी. वय: सांगण्यास नकार. अचूकता: दीड ते दोन अंश. शेरा: पास. खाली सही करून ते थोडे घुटमळले, आणि त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ लिहिली: 'हे उपकरण बावीस वर्षे घरात उपलब्ध होते.'

बायकोने दाखला वाचला, घडी घातली आणि बटणांच्या खणात, त्या सुरेख उपकरणाशेजारी ठेवला.

मध्ये एकदा पाय घसरलाही. एकविसाव्या दिवशी दुपारी पाऊण कप शिल्लक असलेले भांडे ओट्यावर वाफाळत होते आणि घरात कुणी नव्हते. भट्टीसाहेबांनी मोजले: ऐंशी. मग प्यायले. एक मिनिट बारा सेकंदांत. अहाहा! ते तसेच डोळे मिटून उभे राहिले, आणि डोळे उघडले तेव्हा वही समोर होती. ती उघडी राहिली होती की त्यांनीच उघडली, हे नंतर त्यांनाही सांगता येईना. त्यांनी लिहिले: ऐंशी. पहिली सही केली. संध्याकाळी बायको आली तेव्हा वही तिच्यापुढे धरली.

तिने वाचले. ती रागावेल म्हणून त्यांनी मान आधीच खाली घातली होती.

"बोट लावून बघायला चहा उरलाय का?"

"नाही."

"मग मी कशावर सही करू?"

"मी सांगतोय ना, ऐंशी होता."

"तुमच्या सांगण्यावर विश्वास ठेवू?" तिने पेन उघडले. "ठीक आहे. स्वतःच्या विरुद्ध सांगताय, ठेवते." आणि तिने सही केली. तीन महिन्यांच्या त्या वहीत साठच्या वरची तेवढी एकच ओळ राहिली.

हळूहळू आणखी एक गोष्ट घडली, जिची नोंद करायला वहीत रकाना नव्हता. अकरा मिनिटे बसून राहायचे म्हणजे समोरच्याचे बोलणे ऐकावे लागते. चहा एक मिनिटात संपवून उठणाऱ्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीला बायको इतकी वर्षे धुलाईघराच्या हकिगती सांगत आली होती. आता खुर्चीत माणूस होता. इस्त्रीवाल्या बायकांत जुंपलेले एक भांडण तर इतके रंगले की एका संध्याकाळी चहा पंचेचाळीसवर गेला आणि कुणाच्या लक्षात आले नाही. भट्टीसाहेबांनी तो तसाच प्यायला आणि विचारले, "मग? तिनं चादर परत दिली का नाही?"

तीन महिने भरले. दुर्बीण पुन्हा आत गेली. दुसऱ्या दिवशी दोघे डॉक्टरबाईंच्या खोलीत बसले होते. भट्टीसाहेबांच्या मांडीवर वही होती, पण या वेळी तिला ते घट्ट धरून होते.

"पाव?" डॉक्टरबाईंनी विचारले.

"पाच आठवड्यांत एकदाही नाही."

डॉक्टरबाईंनी जुना कागद काढला. त्यावरच्या नळीच्या मध्याशी असलेले दोन्ही फुगवटे त्यांनी खोडरबराने पुसले. अगदी पूर्ण नाही, एका बाजूला किंचित ठेवला. "एवढंच उरलंय. उतरेल. तुकडा नको, ताणणं नको. साठ मात्र सोडायचं नाही."

बायकोने त्यांच्या हातातली वही काढून घेतली, कारण तिचा पुठ्ठा वाकायला लागला होता.

"तुमच्यासारखे दोघं क्वचित येतात," डॉक्टरबाई खुशीत म्हणाल्या. "चहा घेऊन जा." आणि त्यांनी बाहेरून तीन कप मागवले.

कप आले, नुकत्याच उकळलेल्या चहाचे. भट्टीसाहेबांनी आपला कप टेबलावर ठेवला, घड्याळ पाहिले आणि खुर्चीत आरामात मागे टेकले. डॉक्टरबाईंनी आपला उचलला. बाहेर अजून सतरा रुग्ण होते, कप ओठांशी पोहोचलाही होता.

"एक मिनिट हं, डॉक्टर," बायको म्हणाली, आणि तिने टेबलावरून हात लांब करून त्यांच्या कपाला बाहेरून करंगळी टेकवली. टेकवली न टेकवली तोच उचलली.

भट्टीसाहेबांनी खिशातून पेन काढले आणि वहीचे नवे पान उघडले.

"किती?" त्यांनी विचारले.